धोका की जमीन? ठाण्याच्या स्वारीचा जुना वाद

२८ डिसेंबर १७७४ रोजी मुंबईच्या इंग्रजांनी ठाण्याचा किल्ला मारून घेतला. आज त्याच तटाच्या आत ठाण्याचे मध्यवर्ती कारागृह आहे. फौज पाठवताना मुंबईच्या कौन्सिलने कागदावर मांडलेले कारण असे होते : पोर्तुगीज आपला गेलेला मुलूख परत घ्यायला निघाले आहेत. साष्टी, म्हणजे ठाण्याचे बेट, त्यांच्या हाती पडली तर मुंबईचे नाक दाबले जाईल. तेव्हा ते पोचण्याआधी आपणच ती घेतली पाहिजे. त्या वेळी मराठ्यांशी इंग्रजांचे युद्ध चालू नव्हते. भीती पोर्तुगिजांची सांगितली आणि मुलूख मराठ्यांचा घेतला.

फेब्रुवारी २०२२ मध्ये रशियाने युक्रेनमध्ये फौजा घातल्या, तेव्हापासून हाच वाद आपल्याकडे घरोघर चालला आहे. गाडीतल्या गप्पांत आणि व्याख्यानानंतरच्या प्रश्नोत्तरांत दोन ठरलेली मते ऐकू येतात. एक म्हणते, नाटो दाराशी आली, रशिया काय करणार? दुसरे म्हणते, भीती हा बहाणा, खरी भूक साम्राज्याची. दोन्हीकडचे लोक तावातावाने बोलतात आणि दोघांकडेही पुरावा अर्धाच असतो, कारण चालू युद्धातले खरे कागद कोणालाच बघायला मिळत नाहीत. ठाणे-कल्याणच्या पट्ट्याची गोष्ट वेगळी आहे. इथल्या स्वारीचे आतले कागद, म्हणजे कौन्सिलचे ठराव, लंडनच्या संचालकांची पत्रे आणि कलकत्त्याचे ताशेरे, कधीच छापून झाले आहेत. चढाई करणाऱ्याने जगाला काय सांगितले आणि आपसात काय लिहिले, हे इथे शेजारी शेजारी ठेवून वाचता येते. ‘सुरक्षिततेसाठी’ शेजाऱ्यावर चालून जाणाऱ्याचे म्हणणे कसे पारखावे, हे शिकायला याहून चांगले प्रकरण मला माहीत नाही.

इंग्रजांच्या भीतीत तथ्य होते, हे आधी मान्य केले पाहिजे. साष्टी हे मुंबईच्या उत्तरेचे मोठे बेट. मधे माहीम आणि शीवच्या खाड्या, पूर्वेला ठाण्याची खाडी, उत्तरेला वसईची. ठाणे या बेटाच्या पूर्व काठावर. कल्याण-भिवंडीकडून खाडीने उतरणारा माल इथूनच मुंबईकडे जायचा. अठराव्या शतकातली मुंबई स्वतःच्या धान्यावर जगणारी नव्हती. तांदूळ, जळण, भाजी, गुरे सगळे समोरून यायचे. साष्टी ज्याच्या हाती, त्याला मुंबईची चूल विझवता येत होती. पोर्तुगिजांनी याचा अनुभवही दिला होता. १६६१ च्या विवाहकरारात मुंबई इंग्लंडच्या राजाला मिळाली, पण साष्टी त्यात येते की नाही यावर तंटा झाला आणि पोर्तुगिजांनी ती सोडली नाही. पुढे ठाण्याला आणि करंजाला, म्हणजे उरणच्या बाजूला, त्यांनी मुंबईला जाणाऱ्या मालावर जकात बसवली. १७३९ मध्ये चिमाजी अप्पांनी वसई घेतली तेव्हा इंग्रजांची झोप उडाली. मुंबईच्या कोटाभोवती खंदक खणायचे काम त्याच धास्तीतून निघाले आणि शहरातल्या व्यापाऱ्यांनी त्याला वर्गणी दिली. पदरचे पैसे घालणारा व्यापारी भीतीचे सोंग करत नसतो.

पोर्तुगिजांचा धोकाही हवेतला नव्हता. लिस्बनमध्ये तेव्हा पोंबालचा कारभार होता आणि १७७४ मध्ये गोव्याची घडी नव्याने बसवण्याची खटपट सुरू झाली होती. इंग्रजांची मोहीम निघाली त्या सुमारास पोर्तुगीज गलबतांचा तांडा खरोखरच मुंबई बंदराच्या तोंडाशी येऊन नांगरला आणि त्याच्या प्रमुखाने रीतसर निषेध नोंदवला. म्हणजे खबर बनावट नव्हती. जे लोक प्रत्येक चढाईमागे शुद्ध थाप शोधतात, त्यांनी इथे थांबावे. थाप असती तर प्रश्न सोपा होता. भीती खरी असूनही चढाईचे कारण दुसरेच असू शकते, हा या प्रकरणातला अवघड भाग आहे.

आता जुनी पत्रे बघा. कंपनीच्या संचालकांनी १७६८ आणि १७६९ मध्येच मुंबईला लिहून ठेवले होते की हिंदुस्थानच्या या बाजूला आम्हाला साष्टी, वसई आणि सुरतेच्या महसुलातला मराठ्यांचा वाटा हवा आहे. प्रत्येक तहात, वाटाघाटीत आणि मोहिमेत हेच डोळ्यांसमोर ठेवा आणि संधी मिळेल तेव्हा ती ठाणी मिळवा. पोर्तुगीज आरमाराची वार्ता यायला तेव्हा पाच-सहा वर्षे होती. कंपनीचा टॉमस मॉस्टिन १७६७ मध्ये माधवराव पेशव्यांच्या दरबारी आला आणि १७७२ पासून वकील म्हणून पुण्याला राहिला. त्याच्या कामाच्या यादीत साष्टी-वसई सगळ्यात वर होती. माधवरावांनी दाद दिली नाही. नोव्हेंबर १७७२ मध्ये माधवराव थेऊरला वारले, पुढच्या ऑगस्टमध्ये नारायणरावांचा शनिवारवाड्यात खून झाला आणि पुण्याची सत्ता दुभंगली. बारभाईंनी, म्हणजे पुण्याच्या कारभाऱ्यांच्या गटाने, नारायणरावांचे चुलते रघुनाथराव यांना दूर सारले, एप्रिल १७७४ मध्ये पुरंदरावर नारायणरावांचे पुत्र सवाई माधवराव यांचा जन्म झाला आणि रघुनाथराव इंग्रजांच्या मदतीची याचना करू लागले. मुंबईने मदतीची किंमत सांगितली : साष्टी आणि वसई. रघुनाथरावसुद्धा सुरुवातीला ती द्यायला तयार झाले नाहीत. गादीसाठी वाटेल ते करायला निघालेल्या त्या माणसालाही साष्टीचे मोल कळत होते.

दरम्यान खुद्द ठाण्याच्या किल्लेदाराशी गुप्त बोलणे चालले होते. किल्ला हवाली करायचे त्याने आधी २ लाख ६० हजार रुपये मागितले. मुंबईला किंमत जास्त वाटली. मग तो १ लाख २० हजारांपर्यंत खाली आला. इतक्यात पुण्याहून पाचशे माणसांची कुमक किल्ल्यात दाखल झाली आणि किल्लेदाराने आता जमत नाही असे कळवले. सौदा फिसकटला आणि मगच तोफा बाहेर पडल्या. माधवरावांकडे मागणी, रघुनाथरावांशी सौदा, किल्लेदाराला लाच आणि शेवटी पोर्तुगिजांचा धोका. मार्ग चार, पण चारींचाही शेवट एकाच तटापाशी होतो. धोका हेच मूळ कारण असते तर धोका बदलला की मागणीही बदलली असती. इथे मागणी सहा वर्षे जागची हलली नाही, फक्त तिच्यावरचे कारण बदलत गेले.

वेढ्याचे वर्णन इतिहासकार ग्रँट डफने दिले आहे. १२ डिसेंबरला जनरल रॉबर्ट गॉर्डनच्या हाताखाली सुमारे सहाशे गोरे शिपाई, हजार देशी शिपाई आणि तोफांवरचे खलाशी निघाले. आरमाराची बाजू कमोडोर वॉटसनकडे होती. वेढ्याच्या तिसऱ्या दिवशी किल्ल्यावरून सुटलेला एक गोळा वॉटसनच्या अंगावर न पडता त्याच्या पायाशी वाळूत आदळला. वाळूचे कण इतक्या जोराने उडाले की ते त्याच्या देहात घुसले आणि त्या जखमांनीच तो मेला. तोफांनी तटाला खिंडार पडले तरी खंदक भरायला गेलेली पहिली तुकडी मागे रेटली गेली आणि शंभरएक गोरे पडले. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी हल्ला झाला, किल्ला पडला आणि आतली बहुतेक शिबंदी कापून काढली. ही माणसे पोर्तुगीज नव्हती. ज्यांच्याशी इंग्रजांचा तह होता त्या पेशव्यांची ती चाकरमानी माणसे होती. दुसऱ्याच कोणाच्या धोक्याचे कारण सांगून त्यांना मारले, हे मला या सगळ्या प्रकरणात सर्वांत जास्त टोचते. नव्या वर्षाच्या पहिल्या दिवसापर्यंत वेसावे, करंजा आणि सगळी साष्टी इंग्रजांच्या ताब्यात आली होती.

कोणी म्हणेल की मराठे तरी साष्टीत कुठून आले? प्रश्न रास्त आहे आणि तो टाळू नये. जो गज इंग्रजांना लावायचा तो आपल्यालाही लावला पाहिजे. १७२० च्या सुमारास कल्याणचा सुभा मराठ्यांच्या हाती आला आणि खाडीच्या एका काठावर मराठे, दुसऱ्या काठावर पोर्तुगीज अशी स्थिती झाली. १७३० मध्ये मराठी फौजा साष्टीत शिरल्या. घाबरलेल्या पोर्तुगिजांनी ठाण्याला दगडी किल्ला बांधायला घेतला. तो पुरा झाला की साष्टीचे दार कायमचे बंद होईल, हे पलीकडून दिसत होते. बांधकाम अर्धवट असतानाच १७३७ मध्ये, उन्हाळ्याच्या तोंडाशी, मराठ्यांनी ठाणे घेतले. पोर्तुगिजांनी स्वतःच्या रक्षणासाठी चढवलेली भिंतच हल्ल्याची घाई करायला कारण झाली. एकाने केलेला बंदोबस्त दुसऱ्याला तयारी वाटतो आणि दोघेही खरे बोलत असताना लढाई पेटते. जॉन हर्झ या अभ्यासकाने १९५० मध्ये या पेचाला शास्त्रीय नाव दिले, पण ठाण्याच्या खाडीने तो दोनशे वर्षे आधी पाहिला होता.

तरीही १७३७ ची मोहीम मुख्यतः सुरक्षिततेसाठी होती असे मी म्हणणार नाही. मुलुखाचा महसूल, खाडी आणि बंदरे, आंग्र्यांच्या भाऊबंदकीत पोर्तुगिजांनी घेतलेला हात आणि साष्टीतल्या हिंदू रयतेवरचा धार्मिक जाच ही सगळी कारणे एकत्र होती. भिवंडीजवळच्या अंजूरच्या नाईकांनी, गंगाजी नाईक आणि त्यांच्या भावांनी, पेशव्यांकडे वर्षानुवर्षे जी खटपट केली ती जाचाच्या कारणाने. मराठ्यांनी साष्टी घेतली आणि ठेवून घेतली. हा विजय आपल्याला अभिमानाचा आहे, मलाही आहे. पण अभिमानाची गोष्ट वेगळी आणि ‘आम्हाला धोका होता म्हणून घेतली’ हा दावा वेगळा. तो दावा मराठ्यांनी फारसा केलाही नाही. त्यांनी मुलूख सोडवण्याची भाषा वापरली, आणि ती निदान अधिक सरळ होती.

मराठे साष्टीत आल्यापासून इंग्रज ठाण्यावर चालून येईपर्यंत पस्तीस वर्षांहून अधिक काळ गेला. त्या सगळ्या काळात मराठ्यांनी मुंबईवर हल्ला केला नाही. जुलै १७३९ मध्येच इंग्रजांचा वकील कॅप्टन इंचबर्ड याने चिमाजी अप्पांशी व्यापाराचा तह करून घेतला. १७५६ मध्ये तुळाजी आंग्र्यांविरुद्ध विजयदुर्गावर पेशवे आणि इंग्रज एकत्र उतरले. आपले आरमार दुसऱ्याच्या हातून बुडवण्याची ती चूक आजही सलते, पण मुंबईला पुण्याकडून धोका नव्हता याचा तो पक्का पुरावा आहे. ज्या शेजाऱ्याने इतकी वर्षे दार ठोठावले नाही, त्याच्या हातून किल्ला काढून घेताना तिसऱ्याचे नाव सांगावे लागले यात आश्चर्य नाही. पोर्तुगिजांचीच भीती असती तर पुण्याला सांगून संयुक्त बंदोबस्त करता आला असता. वसई जिंकायला मराठ्यांची हजारो माणसे पडली होती, साष्टी पोर्तुगिजांना परत मिळावी असे त्यांना कधीच वाटले नसते. विजयदुर्गासाठी जे जमले ते ठाण्यासाठी विचारूनसुद्धा पाहिले नाही.

या स्वारीला लागून आलेल्या युद्धावर सर्वांत कडक निकाल इंग्रजांच्याच घरातून आला. १७७३ च्या रेग्युलेटिंग कायद्याने कलकत्त्याच्या कौन्सिलला मुंबईवर देखरेख दिली होती. मुंबईने तिला न विचारता मार्च १७७५ मध्ये रघुनाथरावांशी सुरतेचा तह केला आणि युद्धात उडी घेतली. कलकत्त्याने हे युद्ध अविचाराचे, धोक्याचे, अधिकाराबाहेरचे आणि अन्यायाचे ठरवले. इंग्रजांच्या न्यायबुद्धीचा दाखला म्हणून हे वाक्य पुष्कळदा सांगितले जाते. पुढचे मात्र सांगितले जात नाही. कलकत्त्याने कर्नल अप्टनला पुण्याकडे पाठवले आणि मार्च १७७६ मध्ये पुरंदरचा तह झाला. त्यात साष्टी इंग्रजांकडेच राहिली. तीन लाखांच्या दुसऱ्या मुलुखाच्या बदल्यात ती सोडायची की नाही, हा निर्णयही कलकत्त्याच्या मर्जीवर ठेवला आणि कलकत्त्याने ती ठेवून घेतली. अन्यायाचा निवाडा देणाऱ्यांनी अन्यायाने आलेली वस्तू परत केली नाही. तोवर पोर्तुगिजांचा धोका कुठे होता? कोणी त्याचे नावही काढेना.

सुरक्षिततेच्या नावाने घेतलेली सीमा स्थिर का राहत नाही, हे कल्याणकरांनी १७८० मध्ये पाहिले. जानेवारी १७७९ मध्ये वडगावला इंग्रजांची फौज कोंडली गेली, साष्टीसकट सगळे परत द्यायचे कबूल झाले आणि मुंबईला पोचताच तो करार झिडकारला गेला. युद्ध पुन्हा पेटले. आता ठाण्याची रसद तुटू नये म्हणून कल्याण हवे झाले. कॅप्टन कँपबेलने ते घेतले. परत घ्यायला मराठी फौज आली तेव्हा त्याने कळवले की नाना फडणिसांनी खुशाल यावे आणि घेता आले तर घ्यावे. मे महिन्यात इंग्रज अधिकारी हार्टलेने रात्री येऊन मराठी छावणीवर छापा घातला आणि कल्याण वाचले. मग कल्याणच्या डोक्यावरचा मलंगगड खुपू लागला. ऑगस्टमध्ये इंग्रजांच्या अॅबिंग्टनने खालचा भाग घेतला, शिबंदी वरच्या सुळक्यावर चढली, आणि वर मराठे, खाली मराठे अशा कोंडीत तो स्वतःच अडकला. त्याला सोडवायला ऑक्टोबरमध्ये हार्टलेला यावे लागले. डिसेंबरात इंग्रज सेनापती गॉडर्डने वसई घेतली आणि त्याच्या पुढच्या वर्षी बोरघाट. मुंबईसाठी ठाणे, ठाण्यासाठी कल्याण, कल्याणसाठी मलंगगड आणि त्यापुढे घाट. घाटावर हरिपंत फडके, तुकोजी होळकर आणि परशुरामभाऊ पटवर्धनांनी गॉडर्डला असे भंडावले की एप्रिल १७८१ मध्ये मोठे नुकसान सोसून तो खाली उतरला. सीमा थांबली ती समाधान झाल्यामुळे नव्हे, मार बसल्यामुळे.

मे १७८२ मध्ये महादजी शिंद्यांच्या मध्यस्थीने सालबाईचा तह झाला. वसई परत आली, कल्याण परत आले. साष्टी, घारापुरी, करंजा इंग्रजांकडे राहिले. वसई-कल्याण परत मिळाले याचे श्रेय कोणी इंग्रजांच्या शहाणपणाला देऊ नये. दक्षिणेत हैदर अलीने त्यांना घाम फोडला होता, दोन आघाड्या सांभाळणे शक्य नव्हते. जिथे ताकद पुरली नाही तिथे जमीन सुटली, जिथे पुरली तिथे राहिली. १७१५ च्या सुमारास रामचंद्रपंत अमात्यांनी आज्ञापत्रात टोपीकरांबद्दल बजावले होते की हे इतर सावकारांसारखे नव्हेत, यांना किनाऱ्यालगत वखारीला जागा देऊ नये, हाती आलेले ठिकाण हे सुखासुखी सोडणारे नाहीत. साष्टीचा पुढचा इतिहास त्यांनी जणू आधीच वाचला होता.

इंग्रजांची बाजू मांडणारे एक शेवटचा मुद्दा काढतात आणि तो वजनदार आहे. अन्नपाणी हीसुद्धा सुरक्षितताच नाही का? मुंबईसारख्या बेटाने धान्यासाठी कायम दुसऱ्याच्या तोंडाकडे बघायचे? माझे उत्तर असे : ही गरज होती, पण गरज भागवायला बाजार होता, तह होता आणि मराठ्यांच्या काळात माल येतही होता. शेजाऱ्याचे शेत आपल्या पोटाला लागते म्हणून ते आपले, असे एकदा मानले की जगात कोणत्याच शेताला मालक उरत नाही.

या पट्ट्यात तयार झालेली फूटपट्टी मग बाहेर लावून पाहता येते. धोका खरा की खोटा यावर भांडत बसण्याऐवजी मी तीन गोष्टी विचारतो : धोक्याच्या आधीपासून त्या जमिनीची इच्छा होती का, धोका दुसऱ्या वाटेने टाळून पाहिला का, आणि धोका सरल्यावर जमीन सोडली का.

१९३९ चा फिनलंड घ्या. लेनिनग्राडपासून सीमा जेमतेम बत्तीस किलोमीटरवर होती आणि जर्मनीची भीती पुढे खरी ठरली. सोव्हिएत संघाने आधी अदलाबदलीचा प्रस्तावही दिला, म्हणजे दुसरी वाट पाहिली असे म्हणता येईल. पण युद्ध सुरू होताच कूसिनेनचे बाहुले सरकार उभे केले आणि शेवटी मागितले होते त्याहून जास्त घेतले, त्यात वीपुरी शहरही गेले. शहराच्या रक्षणाला सरकार बदलावे लागत नाही. इस्राएलचे १९६७ चे प्रकरण सरळ नाही. भीती खरी होती, सिनाई १९८२ पर्यंत परत गेले, गोलनवर मात्र १९८१ मध्ये कायदा लागू करून ते ठेवून घेतले. तिथे भीतीने घेतलेल्या जमिनीची नंतर सवय झाली, असे मला वाटते.

या कसोटीला उतरणारी उदाहरणेही आहेत आणि त्यातले एक आपले आहे. १९७१ मध्ये पूर्व पाकिस्तानातून सुमारे एक कोटी निर्वासित भारतात आले. ३ डिसेंबरला पाकिस्तानने आपल्या विमानतळांवर हल्ले केले, मग भारत उघड युद्धात उतरला. मार्च १९७२ मध्ये भारतीय सेना बांगलादेशातून परत आली. तिथली एक इंचही जमीन ठेवली नाही. गोव्याचे १९६१ निराळे. अंजदीवजवळच्या गोळीबाराचा उल्लेख झाला, पण सुरक्षा परिषदेत भारताने मुख्य मुद्दा मांडला तो वसाहतवादाचा : गोवा भारताचाच भाग आहे. जमीन हवी होती आणि तसे उघड सांगितले. त्या भूमिकेशी वाद घालता येतो, पण धोक्याच्या बुरख्याआडून ती मांडली नाही एवढे मान्य करावे लागते.

आणि युक्रेन. नाटोच्या विस्ताराची रशियाला धास्ती होती हे मी मानतो. २००८ मध्ये बुखारेस्टला युक्रेन आणि जॉर्जिया पुढे सदस्य होतील असे जाहीर केले गेले. ते करणाऱ्यांनी मॉस्कोचा विचार केला नाही असे जॉन मीअरशायमरसारखे अभ्यासक म्हणतात आणि त्यात दम आहे. पण कसोटी लावा. चढाईच्या सात महिने आधी, जुलै २०२१ मध्ये पुतिन यांनी जो दीर्घ लेख लिहिला त्याचा गाभा क्षेपणास्त्रांचा नव्हता. रशियन आणि युक्रेनी एकच लोक आहेत, हा होता. म्हणजे इच्छा आधीची. क्रिमिया २०१४ मध्ये जोडून घेतला होताच. सप्टेंबर २०२२ मध्ये आणखी चार प्रांत रशियाचे म्हणून जाहीर केले, त्यातल्या सगळ्यावर तर ताबाही नव्हता. एप्रिल २०२३ मध्ये फिनलंड नाटोत गेला आणि सुमारे १,३४० किलोमीटरची नवी सीमा रशियाला लागली. तिथे युद्ध झाले नाही. नाटो सीमेवर येणे हेच असह्य असते तर ते तिथेही असह्य व्हायला हवे होते. माझा निकाल असा की धास्तीने वेळ ठरवली, मुलुखाच्या ओढीने युद्ध ठरवले. ठाण्यातही तसेच घडले होते.

मराठीत या विषयावर पाया घालून ठेवलेला आहे. सरदेसाईंची ‘रियासत’, न. चिं. केळकरांचे ‘मराठे व इंग्रज’, पिसुर्लेकरांचे ‘पोर्तुगेज-मराठे संबंध’ यांतून दोन्ही बाजू दिसतात. पिसुर्लेकरांनी गोव्याची दफ्तरे उघडली म्हणून पोर्तुगिजांची भीतीही आपल्याला त्यांच्याच शब्दांत कळते, आणि तो मोठा उपकार आहे. मला कमतरता दिसते ती एकच. आपण १७३९ साजरे करतो आणि १७७४ वगळतो. विजयाचा इतिहास सांगताना हारीचा इतिहास गाळला की शेजाऱ्याच्या हातून जमीन कशी जाते, कोणत्या भाषेत जाते, हे पोरांना कळतच नाही.

म्हणून ठाणे, कल्याण आणि डोंबिवलीतल्या इतिहासाच्या शिक्षकांना माझी विनंती आहे. फॉरेस्टने १८८५ मध्ये मुंबई सचिवालयातले मराठ्यांविषयीचे कागद छापले आणि ते आजही मिळतात. संचालकांनी १७६८-६९ मध्ये काय मागितले आणि डिसेंबर १७७४ मध्ये कौन्सिलने काय कारण दिले, हे दोन्ही मराठीत उतरवून आठवी-नववीच्या वर्गात एका पानावर द्या. तारखा झाका आणि मुलांनाच विचारा, यातले आधीचे कोणते आणि नंतरचे कोणते.